खोडलेल्या खुणा

भाची मृणाल दुपारभर जमिनीवर बसून पुस्तक खोडत होती. मेडिकलची प्रवेश परीक्षा ती पुन्हा देणार आहे. गेल्या वर्षी प्रवेश थोडक्यात हुकला. फिजिक्सच्या जाडजूड प्रश्नसंचात तेव्हा उत्तरांवर पेन्सिलनं केलेल्या खुणा पुसायच्या आणि सगळं नव्यानं सोडवायचं, ही रिपीटर मुलांची पद्धत.

"नवीन पुस्तक आणतो की," मी म्हणालो.

"कशाला मामा? प्रश्न तेच आहेत."

मी एक पान उजेडात तिरपं धरलं. शिसं गेलं होतं, पण कागदावर वण राहिले होते. काही पुसट, काही चांगलेच खोल.

"खोल आहेत ना, तिथे मला अगदी खात्री होती," ती म्हणाली. "बहुतेक तीच चुकलीत."

मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. थोरल्या भावाशी मी बोलणं टाकलं, तेव्हा मलाही अशीच खात्री होती. त्याला आता बरीच वर्षं झाली. ते पान मी कधी खोडायला घेतलंच नाही.

मृणालनं रबराचा चुरा फुंकून झटकला, पहिला प्रश्न दोनदा वाचला आणि खूण केली. या वेळी हलक्या हातानं.