सर्व सूर लावले

शरद गेल्याचा निरोप मला शरदच्याच नावाने आला. ‘खरखर’ हा आमच्या तिघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. गेल्या दिवाळीच्या शुभेच्छांनंतर त्यावर काहीच आलं नव्हतं. सकाळी नऊच्या सुमारास तिथे शरदचं नाव उमटलं आणि खाली दोन वाक्यं : ‘शरद आज सकाळी गेले. अकराला नेणार आहोत.’ त्याच्या बायकोने, सुनीतावहिनींनी, त्याच्या फोनवरून लिहिलं होतं. मी तेव्हा डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या ऑफिसात पाण्याच्या टाकीच्या कामाच्या कागदावर सही करत होतो. मी सही पूर्ण केली, हे मला आठवतं. त्याहून वाईट आठवतं ते हे, की रडू येण्याआधी माझ्या मनात एक सुटकेचा विचार येऊन गेला... आता तो विचारणार नाही. या गोष्टीला दीड महिना झाला. शरद मला काय विचारायचा आणि मी काय सांगत नव्हतो, ते एकदा लिहायला हवं म्हणून बसलो आहे. त्याला सांगायचं ते त्याला सांगितलं नाही, आणि आता अनोळखी वाचकांना सांगतो आहे, यातला भेकडपणा मला कळतो.

शरद मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात होता. प्रेसमधून निघणारे सुटे भाग दिवसभर मापायचे, पास-नापास करायचे. मी बँकेत. तिसरा जगन भोईर, कोलशेतचा. त्याची खाडीजवळ वडिलोपार्जित जमीन होती आणि तिच्यावर गोदामं होती. त्यातलं एक पत्र्याचं गोदाम त्याने आम्हाला दिलं म्हणून ‘खरखर’ हे आमचं वाजवण्याचं मंडळ उभं राहिलं. रविवारी सकाळी आम्ही तिथे जमायचो. आम्ही जे करायचो त्याला संगीत म्हणावं का, यावर तिघांच्याही घरी वाद होता. शरदने तेलाच्या पिंपावर स्कूटरच्या क्लचच्या तारा ताणून एक वाद्य केलं होतं, त्याचं नाव ताणपिंप. टेम्पोची एक जाडजूड स्प्रिंग छताला टांगून तिला माईक जोडला होता. तिच्यातून आवाज सोडला की तो विहिरीतून आल्यासारखा परत यायचा. जुन्या टेलिफोनचे रिसीव्हर फोडून केलेले माईक होते, आठ चॅनलचा मिक्सर होता ज्याचा सहावा चॅनल कायमचा मेलेला होता, चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर होता, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना शरदच्या आईने शिवलेल्या गोधड्या टांगलेल्या होत्या. मिक्सर आणि रेकॉर्डिंग माझ्याकडे. प्रत्येक वस्तूवर शरदने एक चिठ्ठी डकवलेली असायची, पेन्सिलीने लिहिलेली. ‘तिसरी तार सैल, बदलणे.’ ‘डावी वायर सोल्डर करणे.’ काम झालं की पुढे बरोबरची खूण. ती कारखान्यातली सवय होती, खूण झाल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. जगन एकदा म्हणाला, “शरद्या, तुझे लग्नाचे पत्रिकेवर पन टिक मारलीस का रं?” शरद मान वर न करता म्हणाला, “मारली ना. पेन्सिलीने मारलीय, काळजी नको.”

या सगळ्याच्या मधोमध होती पेटी. त्याच्या वडिलांची, संगमेश्वराकडच्या भजनी मंडळात वाजलेली. पेटीच्या आत प्रत्येक पट्टीसाठी पितळेचा पातळ सूर असतो. तो टोकाकडे घासला की चढतो, मुळाकडे घासला की उतरतो. शरद नऊ वर्षं ती पेटी उघडून, बारीक कानस घेऊन एकेक सूर भोवतालच्या आवाजांना जुळवत होता. एक सूर त्याच्या कारखान्याच्या भोंग्याचा, एक कॉम्प्रेसरचा, एक कोलशेतच्या खाडीतल्या रेतीच्या बोटीचा. एक सूर त्याची आई गावच्या पडवीतून ज्या आवाजात त्याला हाक मारायची, त्याचा. तो लावायला त्याला दोन मे महिने लागले, कारण आई समोर बसवून मुद्दाम हाक मारायला तयार नव्हती. नवख्याला ती पेटी बिघडलेली वाटायची. सवय झाली की डोळे मिटून ऐकताना आपण कुठे राहतो ते कळायचं. माझ्या सासऱ्यांनी एकदा आमची कॅसेट ऐकली आणि म्हणाले, “अविनाशराव, कावळ्यांची शाळा भरलीय का?” मी हसलो. ते वाक्य मात्र माझ्या आत रुतून बसलं.

पुढे ठाण्यात एका छोट्या सभागृहात आमचा कार्यक्रम ठरला. मी सासऱ्यांना बोलावलं, बँकेतल्या साहेबांना बोलावलं. दहा दिवस आधी पेटीचा भाता फाटला, आणि शरद आई आजारी म्हणून गावी गेलेला. तिथून त्याचा फोन आला, “अवि, कल्याणला ते जुने पेटीवाले आहेत, त्यांच्याकडे ने. फक्त भाता. सुरांना हात लावू देऊ नकोस.” मी नेली. म्हाताऱ्या कारागिराने चार पट्ट्या दाबल्या आणि हेळसांड झालेल्या पोराच्या बापाकडे डॉक्टर बघतो तसं माझ्याकडे बघितलं. “साहेब, ही पेटी कुणी नासवली हो?”

इथून पुढची गोष्ट मी इतकी वर्षं स्वतःशीसुद्धा अशी सांगत आलो, की कारागिराने आपण होऊनच सूर लावले, आणि मी आणायला गेलो तोवर उशीर झाला होता. तसं झालं नाही. त्याने विचारलं, “भात्याबरोबर सूर पण लावून देऊ?” मला त्याच्यासमोर लाज वाटली. ही अशीच ठेवायची आहे, यामागे एका माणसाची नऊ वर्षं आहेत, हे म्हणायला तोंड उघडेना. समोर पहिल्या रांगेत बसलेले सासरे दिसायला लागले. मी म्हणालो, “लावून टाका.” दोनच शब्द. आणि दुकानातून उतरताना मला बरं वाटलं, हेही खरं. पितळ घासलेलं असतं, ते परत येत नाही, हे मला ठाऊक होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी शरद गावाहून थेट सभागृहात आला. जगनने टेम्पोतून सगळं आणून मांडून ठेवलं होतं. पेटीपुढे बसून त्याने भोंग्याची पट्टी दाबली आणि थांबला. मग दुसरी दाबली, मग आईची. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. “अवि, माझे कान गेले का रे?” त्याने अगदी हळू विचारलं, कुणाला ऐकू गेलं नाही. पण पुढ्यात माईक होता आणि माझ्या कानांवर हेडफोन. ते वाक्य माझ्या डोक्याच्या आत बोलल्यासारखं आलं. मी खुणेने सांगितलं, हॉल वेगळा आहे, म्हणून. त्याने पेटीचं झाकण लावलं आणि सगळा कार्यक्रम ताणपिंपावर काढला. सासरे नंतर म्हणाले, “आज बरं होतं. पेटी मात्र ऐकायला मिळाली नाही.”

शरदच्या डाव्या कानात दोन वर्षांपासून शिट्टी वाजत होती. डॉक्टरांनी त्याला प्रेसच्या आवाजापासून लांब राहायला सांगितलं होतं. त्या शिट्टीच्या आड मी लपलो. “एवढी वर्षं प्रेसपाशी काढली, कान जायचेच होते,” असं तो जगनला म्हणाला, आणि ते मी मानून टाकलं. वाऱ्यावरून रेतीची बोट ओळखणाऱ्या माणसाला सरळ लावलेले सा रे ग म ओळखू येणार नाहीत, हे मी कसं मानलं? सोयीचं होतं म्हणून मानलं. त्याच वर्षी त्याची आई गेली. पुढच्या वर्षी कारखाना बंद झाला, भोंगाही. आता कुणी ठरवलं असतं तरी ते सूर कशावरून लावणार होतं? कोलशेतच्या जमिनीवर टॉवर आला, आमचं सगळं सामान जगनच्या टेम्पोतून शरदच्या टिटवाळ्याच्या नव्या घरी गेलं आणि तिथे चादरीखाली राहिलं. शरदने पुन्हा काही वाजवलं नाही.

मी वर्षातून दोन-तीनदा जायचो. प्रत्येक वेळी, चहा झाला की तो हसत विचारायचा, “काय अवि, माझ्या कानांचं तुला काय वाटतं?” मी म्हणायचो, “निम्मे आम्हाला दे.” तो हसायचा, मीही हसायचो. शेवटच्या भेटीत तो मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. दार धरून त्याने पुन्हा तेच विचारलं आणि पुढे म्हणाला, “घाई नाही. नीट विचार करून सांग.” मी म्हणालो, “पुढच्या वेळी नक्की.” त्याने दार सोडलं.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावून घेतलं. “हे सगळं तुम्हाला द्यायचं म्हणून सांगून ठेवलं होतं त्यांनी. पेटी तर नक्कीच.” काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, कान गेले आणि याचं वाजवणंच संपलं. वहिनींनी लगेच विचारलं, “कान? त्यांच्या कानांना काय झालं होतं? शिट्टी वाजायची डाव्यात, तेवढंच. शेवटपर्यंत वरच्या मजल्यावरचे कुकर ओळखायचे, हा कुलकर्णींचा, हा यादवांचा.”

“मग सोडलं कशामुळे?” मी विचारलं.

“ते मीच तुम्हाला विचारणार होते,” वहिनी म्हणाल्या.

पेटी घरी आणून चार दिवस तशीच ठेवली. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, आतली फळी उघडली. पेटीवाले काम केलं की आत आपली चिठ्ठी चिकटवतात, हे मला माहीत असायला हवं होतं. त्या वेळी मी आत बघितलंच नव्हतं. पिवळा पडलेला कागद होता, कल्याणच्या दुकानाचा शिक्का, आणि खाली ठसठशीत अक्षरात : ‘भाता नवीन घातला. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून सर्व सूर लावले.’ गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून... त्याच्या खाली दुसरी चिठ्ठी, शरदची, पेन्सिलीने लिहिलेली. भोंगा. कॉम्प्रेसर. बोट. आई. सत्तावीस नावं, एकाखाली एक, प्रत्येकापुढे तो सूर आता किती सरकला आहे ते मापून लिहिलेलं, कारखान्यात नापास भागाची नोंद करावी तसं. सगळ्यांत शेवटी एक काम : ‘अविला विचारणे.’

त्याच्यापुढे बरोबरची खूण नव्हती.

मी फळी बसवली, भाता हलवला आणि आईची पट्टी दाबली. सूर अगदी बरोबर लागलेला आहे. कुठेही काही चूक नाही.