प्लास्टिकसकट फेअरवे वूड

मी जळगावात गोल्फ खेळतो असं सांगितलं की लोक आधी माझ्या बुटांकडे बघतात आणि मग माझ्या बायकोकडे, सहानुभूतीने. केळी, कापूस आणि ऊन यांवर ज्या जिल्ह्याचं छान भागतं, तिथे एका निवृत्त प्राध्यापकाने काठीने पांढरा चेंडू बडवत हिंडावं हे कोणाला पटत नाही. मलाही पटत नव्हतं. पण डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि कॉलनीतल्या बाकीच्या निवृत्तांबरोबर हात हलवत चालणं मला कमीपणाचं वाटायचं.

भुसावळच्या बाजूला एका जुन्या वसाहतीमागे सहा होलचं मैदान आहे. मैदान म्हणजे काळी माती, तिच्यातल्या भेगा आणि भेगांतून जे उगवेल ते. टीव्हीवर जिथे होलभोवती मऊ हिरवळ दिसते, तिथे आमच्याकडे तेल पाजलेली वाळू असते. तिला आम्ही ‘ब्राऊन’ म्हणतो. हिरवळीचा हट्ट धरायला आम्ही काही गोल्फच्या माहेरातून, स्कॉटलंडहून, आलेलो नाही.

तिथे माझा एकच जोडीदार होता. त्यांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले, मूळचे पारोळ्याकडचे, वयाने माझ्यापेक्षा मोठे. मी बोलायचो आणि ते ऐकायचे. मैत्री टिकायला आणखी काय लागतं?

चौथ्या होलच्या वाटेत एक नाला आहे, वेड्या बाभळींनी भरलेला. दुसरा फटका त्याच्यावरून मारायचा असतो. माझा चेंडू नेमाने नाल्यात जायचा. आबा मात्र जुन्या लोखंडी क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने, हलकेच मारून आपला चेंडू नाल्याच्या अलीकडे ठेवायचे. मग दोघांनी मिळून माझा चेंडू शोधायचा, तो सापडायचा नाही, मी नाल्याला, बाभळींना आणि स्कॉटलंडला शिव्या घालायच्या. शेवटी अगदी काठावरून एकेक चेंडू पलीकडे ढकलायचा आणि कडेच्या फरशीवरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, गप्पा मारत नाला ओलांडायचा. “इंजिनवाल्याला सिग्नल पडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही,” असं मी त्यांना चिडवायचो. आबा हसायचे.

दिवाळीनंतर एक दिवस याच फरशीवर थांबून ते आपल्या अहिराणीत म्हणाले, “भाऊ, पोऱ्या म्हनस, आते पुनाले चाला.”

“मुलाकडे, पुण्याला? छानच की,” मी म्हणालो. “तिथे खरं गवत असतं.”

छान कसलं डोंबलाचं. मला फार वाईट वाटलं. घरी आल्यावर जेवण गेलं नाही आणि मी त्याचं खापर भाजीवर फोडलं. संक्रांत झाली की आबा जाणार होते. तेव्हा मी ठरवलं की ते जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्यांच्यादेखत चेंडू नाल्यापलीकडे घालायचा. पुण्याला गेल्यावर त्यांना मी आठवलो, तर बाभळीत ओणवा होऊन चेंडू शोधणारा आठवायला नको होतो.

त्यासाठी मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. पहिल्याच व्हिडिओत कळलं की दोष माझा नसून माझ्या क्लबचा आहे. ही बातमी ऐकायला मी जन्मभर तयारच होतो. अशा लांब फटक्यासाठी म्हणे फेअरवे वूड लागतं. लांब दांडा, फुगीर डोकं, नाव लाकडाचं आणि अंग धातूचं. त्याला नंबर असतात. तीन नंबरचं चेंडू लांब नेतं, पण मारणारा पक्का हवा. सात नंबरचं तोंड जरा आभाळाकडे वळलेलं असतं, त्यामुळे चेंडू आपणहून उचलला जातो. मला अर्थातच तीन नंबर हवं होतं. व्हिडिओतला माणूस मात्र पुन्हा पुन्हा बजावत होता की हात मंद असतील तर गुमान सात घ्या. वजन तळाला, डोकं मोठं, दांडा लवचिक. अशा दांड्यावर ‘सीनियर’ असं छापलेलं असतं, म्हणजे अपमान कारखान्यातूनच होऊन येतो. चेंडू नीट मधोमध लागला नाही तरी हा क्लब सांभाळून घेतो, म्हणून त्याला माफ करणारा क्लब म्हणतात.

“घ्या हो,” बायको म्हणाली. “कोणीतरी तुम्हाला माफ करणारं हवंच.”

नव्याची किंमत बघून मी मोबाईल पालथा ठेवला. जळगावच्या दुकानदाराने मला कॅरम बोर्ड दाखवला आणि या वयात हेच बरं, असा सल्लाही फुकट दिला. शेवटी बायकोच्या माहेरी, धुळ्याला, ओळखीचे एक दातांचे डॉक्टर निघाले. त्यांनी मोठ्या हौसेने गोल्फचा सेट घेतला होता आणि तितक्याच हौसेने दिवाणाखाली सरकवला होता. त्यातून सात नंबरचं वूड निघालं. सीनियर दांडा, आणि डोक्यावर, मुठीवर कारखान्याचं प्लास्टिक जसंच्या तसं. “एकदाही वापरलेलं नाही,” डॉक्टर अभिमानाने म्हणाले. ते मला परवडलं, आणि वर त्यांनी माझी दाढही बघून दिली.

आता आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. गाडीच्या सीटवर ते आहे आणि उन्हाळ्यात पाठीला चिकटतं. रिमोटवर आहे, फ्रिजच्या दांडीवर आहे. सोफ्यावर बसलेला पाहुणा हलला की करकर वाजतो. प्लास्टिक काढलं की वस्तू जुनी झाली, मग ते काढायचं पाप कोण करणार? वूडला बायकोने कुंकवाचं बोट टेकवलं तेही प्लास्टिकवरच. पिंप्राळ्यातल्या आमच्या गच्चीवर मी पायपुसण्यावर चेंडू ठेवल्याची कल्पना करून सराव केला. पाण्याची टाकी जवळ असल्यामुळे सगळे फटके आशीर्वाद दिल्यासारखे हळू मारले.

आबांच्या मैदानावरच्या शेवटच्या दिवशी आम्ही चौथ्या होलवर आलो. आबांनी नेहमीप्रमाणे आपला चेंडू नाल्याच्या अलीकडे ठेवला. मी पिशवीतून वूड काढलं. तळव्यांना घाम फुटला होता. टाकी नव्हती, म्हणून सगळा जोर लावला. चेंडू होता तिथेच राहिला. वूड मात्र हातातून सुटलं, गरगरत वर गेलं आणि नाल्याच्या पलीकडे जाऊन पडलं. सात नंबर खरंच वर उचलतं, व्हिडिओवाला खोटं बोलला नव्हता.

आबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग आम्ही फरशीवरून पलीकडे गेलो आणि वूड घेऊन परत आलो. आबांनी मुठीवरून बोट फिरवलं.

“भाऊ, हाई प्लास्टिक कोनाकरता ठेयेल शे?”

त्यांनी खिशातल्या किल्लीने प्लास्टिक फाडलं, मूठ मोकळी केली आणि बघू तरी म्हणून एक चेंडू खाली टाकला. एक सावकाश फटका. चेंडू नाला, बाभळी सगळं ओलांडून पार ब्राऊनजवळ जाऊन पडला.

“वूड चांगलं आहे,” मी म्हणालो.

आबांनी ते माझ्या हातात दिलं. मग आपला जुना लोखंडी क्लब घेतला, दुसरा चेंडू टाकला आणि तोही तितक्याच सहज पलीकडे घातला.

मला राग आला. खरंच आला. “आबा, येत होतं तर इतकी वर्षं अलीकडे कशाला मारत होतात?”

“तठे जाईसन मी एकला काय करू?” आबा म्हणाले.

नंतर मीही मारला. माझा नाल्यात गेला. डोळ्यांत पाणी आलं की चेंडू धड दिसत नाही, हे कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

आबा पुण्याला गेले. मी अजून जातो, कारण डॉक्टरांचं म्हणणं बदललेलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर रिमोटचं प्लास्टिक काढलं, तर बायकोने तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. आणि गेल्या आठवड्यात ते घडलं. माझा चेंडू उठला, नाल्यावरून गेला आणि पलीकडे पडला. मी मागे वळून बघितलं. मागे भेगाळलेली माती होती. मग पुण्याला फोन लावला.

“आबा, गेला! पलीकडे गेला!”

“वा भाऊ!” आबा म्हणाले, आणि मग त्यांनी विचारलं, “तठे कोन शे?”

“कोणी नाही,” मी म्हणालो.