औषधाचा झेनॉन

त्या हिवाळ्यात मी रजा काढून बडोद्याला आले ती आईच्या हाडांच्या स्कॅनसाठी. काही वर्षांपूर्वी तिच्या स्तनातली गाठ काढली होती, आणि आता पाठ सारखी दुखत होती. डॉक्टर म्हणाले, एकदा बघून घेऊ.

आधी तिला किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिलं. ते हाडांत उतरेपर्यंत थांबायचं होतं. टेक्निशियन म्हणाला, "बा, पाणी खूब पीजो. अने आज नानां छोकरांने तेडता नहीं."

"लहान मुलांना घ्यायचंच नाही? फावेल, एका दिवसाचं काय," आई म्हणाली. तिने बाटली तोंडाला लावली आणि माझ्याकडे वळली. "तुझं कामही याच भानगडीतलं ना? एकदा नीट सांग बघू."

मी परदेशात एका प्रयोगशाळेत असते. तिला सांगितलं, की कुणी जमिनीखाली अणुस्फोट केला, तर झेनॉन नावाचा वायू भेगांमधून वर झिरपतो आणि वाऱ्याबरोबर दूरवर जातो. पावसानेही तो धुऊन जात नाही. ठिकठिकाणची यंत्रं हवेतून तो वेगळा काढतात. सापडला, की ती हवा कुठून आली याचा आम्ही माग काढतो.

"मग सापडतात बॉम्ब?"

"बहुतेक वेळा कारखाने सापडतात. तुला आत्ता टोचलं ना, तसल्या औषधांचा कच्चा माल युरेनियमपासून काढताना हाच वायू सुटतो."

"म्हणजे आम्हा पेशंटांमुळे तुमचं काम वाढतं."

"खूप वाढतं."

"वाढू दे. बॉम्बपेक्षा बरं."

असे नमुने आले की आम्ही 'नुसतं औषध' म्हणतो आणि पुढचा उघडतो. त्या दिवशी समोरच्या बाकांवर पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेली माणसं मी बराच वेळ पाहत राहिले.

संध्याकाळी गोत्री भागातल्या आमच्या घरी शेजारीण नेहमीप्रमाणे तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन आली. मुलीने हात पुढे केले. आई झटकन मागे सरकली आणि पार स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथूनच ती मोठ्याने बोबडं बोलत होती. पोर रडायला लागली, तशी आईचाही चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट चांगला आला. मणके वयाप्रमाणे झिजले होते, बाकी काही नाही. मी वाचून दाखवला, तेव्हा आई म्हणाली, "चला," आणि चप्पल घालून थेट शेजारी गेली.

मी परत कामावर रुजू झाले त्याच आठवड्यात एका नमुन्यात झेनॉन वाढलेला दिसला. वाऱ्याचा माग औषधाच्या कारखान्यापाशी पोचला, झेनॉनच्या वेगवेगळ्या प्रकारांचं आपसातलं प्रमाणही स्फोटाचं नव्हे, कारखान्याचंच होतं. मी पुन्हा एकदा तपासून फाइल बंद केली आणि आईला फोन लावला.

"मांडवीच्या बाजारात आहे गं," ती ओरडून म्हणाली. मागे हॉर्न वाजत होते. "काही ऐकू येत नाही. घरी जाऊन करते."