तक्तेकाकांचा चौथा रकाना

व्यापार खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला खेटून, एक टेबल आहे. त्यामागे बसून तक्तेकाका सव्वीस वर्षं एकच काम करत आले: बहुदेशीय मुक्त व्यापार करारांची तुलना. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, बाकी कुणाला त्याची गरज पडली नाही.

करार तीन. पहिल्यात अकरा देश, दुसऱ्यात पंधरा, तिसऱ्यात सात. त्यातले चार देश तिन्हींत हजर. काकांचा तक्ता उलगडला की दारापर्यंत जाई. उदाहरणाला कायम छत्री: कापड एका देशाचं, काड्या दुसऱ्याच्या, मूठ तिसऱ्याची; मग शुल्कमाफीसाठी छत्री कुणाची धरायची? "कुठला करार बरा?" असं विचारलं की काका चष्मा पुसत म्हणत, "तसं सरसकट सांगता येत नाही." मग विचारणाऱ्याचा चहा निवत असे.

नव्या मॅडमनी मात्र सोमवारीच बजावलं, "काका, गुरुवारी एक पान. तिन्हींत चांगला कुठला, तेवढंच. नाहीतर हे टेबल तळघरातल्या दप्तरखान्यात."

काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि तळघरात खिडकी नव्हती.

मंगळवारी जेवणाचं ताट तसंच राहिलेलं बघून बायको म्हणाली, "अहो, मला पसंत करताना तक्ता केला होतात का?"

"केला होता की."

"आणि?"

"एकच रकाना होता."

"बरं झालं. आता ज्याला करार वापरायचाय त्याला जाऊन विचारा. छत्री छत्री करता, छत्री करणारं माणूस कधी पाहिलंय?"

पाहिलं नव्हतं. कारखाना कचेरीच्या मागच्याच गल्लीत होता.

बुधवारी काका तिथे गेले. छत्रीवाल्या बाई काड्यांच्या जुड्या मोजत होत्या. काकांनी ओळख सांगताच त्यांनी कंबरेवर हात ठेवले.

"ते फॉर्म काढणारे तुम्हीच होय! पहिला करार विचारतो, कापड कुठे विणलं? दुसरा म्हणतो, चाळीस टक्के किंमत आमच्या देशांतली दाखवा. तिसऱ्याला नुसती शिवण चालते, पण शिवणाऱ्या प्रत्येकीची सही हवी. गिऱ्हाईक म्हणतं, बाई, राहू द्या, पाच टक्के शुल्क मीच भरतो, माल तेवढा वेळेत पाठवा."

"मग तुम्ही वापरता कुठला?"

"कुठलाच नाही. छान चाललंय."

परतताना काकांनी आणखी सहा कारखान्यांची दारं ठोठावली. पाच ठिकाणी हेच ऐकलं, सहाव्या ठिकाणी करार आहेत हेच माहीत नव्हतं.

गुरुवारी मॅडमच्या हातात एकच पान होतं. तीन रकान्यांशेजारी चौथा: "कुठलाच नाही". सर्वांत सोपा, सर्वांत जलद, सर्वांत लोकप्रिय.

"काका, हे मी वर पाठवू?"

"एकच पान सांगितलं होतंत," काका नम्रपणे म्हणाले.

मॅडमनी ओठ दाबून सही ठोकली.

आठवड्याने वरून आदेश आला: करार कुणी का वापरत नाही, याचा तुलनात्मक अभ्यास व्हावा, त्यासाठी हे टेबल कायम, शिवाय दोन कपाटं जादा.

मॅडम स्वतः जिन्यापाशी आल्या. "अभिनंदन. आता किती रकाने होतील?"

काकांनी चष्मा काढला, रुमाल शोधला.

मॅडमनी हातातला चहा घाईघाईने पिऊन टाकला.