डोंगरावरची भुरी

आमच्या घरात हिवाळा माझ्या वाट्याला कधी आलाच नाही. तो बागेचा. थंडी पडली की हापूसच्या कलमांना मोहोर, मोहोर आला की फवारण्या, मग कणी, म्हणजे मोहोरातलं बारीक फळ, धरते की गळते याचा घोर, आणि या सगळ्यात रत्नागिरी सोडायचं नाव काढायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी एकच हौस बोलून दाखवली होती. भर थंडीत हिमालयातल्या एखाद्या डोंगरावर जायचं आणि दंव गोठून पांढरी झालेली झाडं बघायची. "पुढच्या वर्षी नक्की," हे म्हणाले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात म्हणे. माझ्या सहलीला एकच पुरलं, आणि ते दरवर्षी मोहोरून यायचं.

मे महिन्यात जाऊ म्हणावं, तर आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात. शिवाय मेमध्ये कुठलं दंव गोठतंय? आमच्या बागेत राखणीला येणारे नेपाळी मात्र दरवर्षी तसलेच डोंगर मागे टाकून इथे यायचे. त्यांना मी त्या झाडांबद्दल विचारत बसे आणि वर त्यांनाच चहा करून देई. बागेला सवत म्हणावं, तर सवत निदान रात्री झोपते. आमची बाग ह्यांना पहाटे उठवून आकाश बघायला लावायची. ढगाळ दिसलं की हे नाकातोंडाला मफलर गुंडाळून गंधकाच्या फवारणीला माणसं घेऊन निघालेच.

यंदा पाऊस लांबला. दिवाळी होऊन गेली तरी जमीन ओली, आणि कलमांनी मोहोराऐवजी नुसती तांबडी पालवी काढली. हे बरेच दिवस घुम्यासारखे होते. मग एकदा जेवताना म्हणाले, "यंदा मोहोराचं काय खरं दिसत नाही. चल, तुझी ती झाडं बघून येऊ."

बागेनं पाठ फिरवली तेव्हा बायको आठवली! राग आला, चांगलाच आला. तरी मी बॅग भरली. मानापमान करत बसले असते, तर हाही हिवाळा हातचा गेला असता.

हिमाचलात पोचल्यावर गाडीवाल्यानं बजावून ठेवलं होतं की ऊन चढलं की सगळं वितळतं, पहाटेच निघा. आम्ही निघालो. वळणावळणानं गाडी वर चढली आणि एका कड्याशी थांबली. मी खाली उतरले. अख्ख्या डोंगरावर देवदार उभे होते आणि त्यांची काडी न् काडी पांढरी झाली होती. वारा नव्हता, आवाज नव्हता. इतक्या वर्षांचा राग त्या एका घटकेपुरता माझ्यातून निघून गेला. मला ह्यांचा हात धरावासा वाटला.

"अगो," हे शेजारून म्हणाले, "भुरी पडल्ये गो सगळ्यावर!"

भुरी म्हणजे मोहोरावरचा रोग. दंव पडलं, ढग आले की मोहोरावर पांढरी पूड धरते आणि दोन दिवसांत सगळा मोहोर काळा पडून गळतो. ह्यांनी हातमोजा काढला, जवळची एक फांदी वाकवली, बागेत बघतात तसं अंगठ्याच्या नखानं खरवडलं आणि बोट डोळ्यांजवळ नेलं.

"पाणीच आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क सुटका होती.

माझं डोकं फिरलं. "अहो, देशाच्या या टोकाला आलोय आपण! एक दिवस, एक दिवस तरी डोळ्यांतून ती बाग काढून ठेवा की!"

"कुठे काढून ठेवू?" त्यांनी विचारलं. खवचटपणा नव्हता त्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी त्यांच्याकडे पाठ केली. मनाशी म्हटलं, तू बघ. तू यासाठी जन्म काढलास, आता पोटभर बघ. मी जवळच्या देवदाराकडे नजर लावली, शेंड्यापासून खाली एकेक फांदी बघत आले. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की फवारणीला उशीर झालाय, आता गळणार सगळं.

दुसरं काही दिसेचना. डोळे मिटून परत उघडले, तरी डोंगरभर भुरीच. तेवढ्यात ऊन वर आलं आणि फांद्यांवरून टपटप पाणी गळायला लागलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की बागेनं माझे हिवाळेच तेवढे खाल्ले.

मला रडू फुटलं. ह्यांना वाटलं थंडी बाधली. त्यांनी आपला मफलर सोडून माझ्या गळ्याभोवती नीट गुंडाळला. निघताना मीच तो दोन वेळा धुतला होता, तरी त्याला गंधकाचा वास येत होता.