आजी बोलल्या, मी नुसती मान हलवली

मंडळी, जरा सल्ला हवाय.

मी मँचेस्टरच्या ज्या केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, काम करते, तिथल्या एक व्हिएतनामी आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. म्हणून मी दुखणं, चक्कर, धाप असे त्यांच्या भाषेतले दहा शब्द पाठ केले. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. अभ्यास केला की सगळं जमतं, असंच वाटायचं.

सकाळी विचारलं, "बा, दाऊ खोंग?" म्हणजे आजी, दुखतंय का?

आजींनी माझा हात धरला. दहा मिनिटं बोलल्या, रडल्या. मला काहीच कळलं नाही, तरी मी मान हलवत राहिले.

मॅनेजर म्हणाली, "इंटरप्रिटर थेट मंगळवारी येईल, लव्ह." इथे सगळ्यांनाच लाडानं 'लव्ह' म्हणतात.

आजी आता शांत झोपल्यात. कुणीतरी ऐकलं, असं त्यांना वाटतंय. त्यांच्या फाईलमध्ये मी काय लिहू?