आसावरीबाईंनी पळवलेलं गाणं

आसावरीबाई दामल्यांना सगळं येत असे. 'येत नाही' एवढं एकच वाक्य तेवढं त्यांच्या तोंडात बसत नसे. लंडनजवळच्या मेडनहेडला आल्या त्याच वर्षी त्यांनी शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्याला गुलाबाची छाटणी शिकवली. त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे एकही गुलाब फुलला नाही, तर "माती हलकी आहे तुमची," असा निकाल देऊन बाई मोकळ्या झाल्या. म्हातारा अजून मातीच बदलतोय.

अशा बाईंच्या संसाराची दोरी २००४च्या जानेवारीत एका जपानी माणसाच्या हातात गेली. मुरातासाहेब ओसाकाच्या एका विमा कंपनीतले बडे अधिकारी. त्या कंपनीचं सॉफ्टवेअर बाईंची टीम मेडनहेडहून सांभाळायची. मार्चमध्ये करार संपत होता. तो वाढवायचा की टीमला पुण्याला परत पाठवायचं, हे मुराता येऊन ठरवणार होते. आणि बाईंची लेक कस्तुरी उन्हाळ्यात जीसीएसईला, म्हणजे तिकडच्या दहावीला, बसणार होती. ऐन परीक्षेत पोरीला उचलून पुण्यात कुठल्या वर्गात बसवायची?

पुण्याहून मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, पहिल्या संध्याकाळी लंडनला डिनर आणि कराओके ठेवलंय. जपान्यांना गाणं लागतं. तुम्हाला जमेल ना?"

"न जमायला काय झालं? गांधर्वच्या परीक्षा काय उगाच दिल्यात?"

परीक्षा नक्की किती दिल्या, हे श्रीनिवासराव, म्हणजे त्यांचे यजमान, कधीच विचारत नसत. माणूस शहाणा होता.

बाईंनी गाण्याची तयारी सॉफ्टवेअरवाल्यासारखी केली. आधी डेटा. जपानात कुठल्या दशकात कुठल्या गाण्याची रेकॉर्ड सर्वांत जास्त खपली, याचा तक्ता फ्रिजवर लागला. सत्तरच्या दशकात सगळ्यांवर कडी एका खाऊवरच्या बालगीताने केलेली. ऐंशीत गोड गोड मुलींचं राज्य. नव्वदीत इवल्याशा सीडींवर दहा-दहा लाख खपणाऱ्या गाण्यांची रांग. आणि नवं शतक लागल्यावर खपाला उतरती कळा.

"मुराता पन्नाशीचे," बाई लाटणं फिरवावं तसं हातातलं पेन फिरवत म्हणाल्या. "म्हणजे सत्तरच्या दशकात ते कॉलेजात. माणूस विशीतलं गाणं मरेपर्यंत विसरत नाही. तेव्हाचं सर्वांत खपलेलं गाणं म्हटलं की काम फत्ते!"

"ते खाऊचं?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"श्री, ऑफिसच्या डिनरला बालगीत म्हणू? त्याच्या खालचं घेतलंय. बंदर, धुकं, आणि बोटीने गेलेला कोणीतरी."

"बोटीने गेलेलं गाणं म्हणून आपण विमानाने पुण्याला जायचो."

पिकॅडिलीजवळच्या जपानी दुकानातून सीडी आली. बाईंनी शब्द देवनागरीत उतरवले आणि महिनाभर पोहे परतताना, भांडी घासताना, ट्रेनमध्ये ओठांतल्या ओठांत ते गाणं घोटलं.

"आई, हा गाणं खूप सॅड आहे," कस्तुरी म्हणाली. "पण तू हॅपी गातेस."

"हा नाही, हे. आणि मी हॅपी नाही गात, आत्मविश्वासाने गाते."

ती संध्याकाळ उजाडली, असंच म्हणायचं, कारण बाई सकाळपासून पैठणी नेसून तयार होत्या. सोहोतल्या एका तळघरात बारकी खोली, लाल कोच, टेबलावर गाण्यांचा जाडजूड ग्रंथ. मुराता मधोमध, हात मांडीवर, चेहरा इस्त्री केलेला. शेजारी त्यांची मदतनीस ओकादा आणि दोन कनिष्ठ अधिकारी. यजमान म्हणून पहिलं गाणं बाईंचं. त्यांनी नंबर दाबला.

सुरावट सुरू झाली आणि कनिष्ठांनी एकदम ग्लास खाली ठेवले. ओकादाबाईंचा रंग उडाला. पहिलं कडवं दणक्यात झालं. टाळ्या मात्र नाहीत. मधल्या संगीतात ओकादा सरकत सरकत आली आणि कानाशी पुटपुटली, "हे मुराता-सानांचं गाणं आहे. आमच्याकडे प्रत्येकाचं एक ठरलेलं गाणं असतं. साहेबांचं दुसरं कोणी म्हणत नाही. पंधरा वर्षं कोणी म्हटलं नाही."

म्हणजे बाईंचं गणित चुकलं नव्हतं. फार बरोबर आलं होतं!

दुसरी कोणी असती तर मशीन बंद करून पदर तोंडाला लावला असता. बाईंना मैफल आठवली. तिथे शिष्याने आधी गावं, मग गुरूने. त्यांनी माइक दोन्ही हातांत धरला, व्हिजिटिंग कार्ड द्यावं तसा मुरातांसमोर केला आणि कमरेत वाकल्या. "मी फक्त सुरुवात केली, सर. पुढचं तुमचं."

पडद्यावर ओळी एकट्याच पुढे चालल्या. मुरातांनी माइककडे पाहिलं. घेतला नाही. वाकून बाईंची कंबर दुखायला लागली.

मग ते जपानीत काहीतरी बोलले. ओकादाने दोनदा "हो?" असं विचारलं आणि चाचरत भाषांतर केलं. "साहेब म्हणतात, तुम्हीच पूर्ण करा. त्यांना या गाण्याचा कंटाळा आलाय. एकदा म्हटलं, लोकांनी वाखाणलं, आणि तेव्हापासून प्रत्येक पार्टीत सगळे तेच लावून वाट बघतात. दुसरं म्हणायची सोयच राहिली नाही."

बाईंनी उरलेलं गाणं असं म्हटलं की बंदरातलं धुकंसुद्धा पळालं असेल. तेवढ्यात मुरातांनी तो ग्रंथ ओढून घेतला होता आणि अधाशासारखी पानं उलटत होते. त्यांनी कुठलं निवडलं? शाळकरी पोरींच्या एका ताज्या ग्रुपचं, उड्या मारायचं. आवाज फाटला, ताल सुटला, तरी साहेब थांबेनात. पुढची तीन गाणीही त्यांनीच म्हटली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोच माणूस पुन्हा इस्त्री होऊन आला. जेवणाची वेळ होईपर्यंत त्याने उशिरा दुरुस्त झालेला एकेक बिघाड काढून बाईंना फैलावर घेतलं. संध्याकाळच्या उड्यांचा डोळ्यांत मागमूस नाही. बाईंनी एकाचंही खापर दुसऱ्यावर फोडलं नाही आणि एकाही प्रश्नावर गप्प बसल्या नाहीत. फेब्रुवारीत कळलं, करार दोन वर्षांसाठी वाढला. मागितली होती तीन. पण कस्तुरीची परीक्षा निभावली.

"म्हणजे कामामुळे मिळालं, गाण्यामुळे नाही," श्रीनिवासराव म्हणाले.

"काम सगळ्या टीमचं होतं, श्री. गाणं माझं एकटीचं होतं."

आणि ते खरंच त्यांचं झालं. ओसाकाच्या ऑफिसात ते गाणं आता दामले-सानांच्या नावावर आहे. तिथून कोणीही लंडनला आलं की तो नंबर दाबून, हात मांडीवर ठेवून, आदराने वाट बघत बसतं. बाईंनी ऐंशीच्या दशकातली दोन गोड गाणी पाठ करून ठेवलीत. ती म्हणायला त्यांना आजतागायत कोणी माइक दिलेला नाही.